सत्ता दिल्लीतून निघाली आणि मंत्रालयात येऊन थांबली

दिल्ली राज्यांना विचारत नाही, आपले पैसे तिकडे जातात आणि परत येताना गळती लागते, ही तक्रार आपल्याकडे टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळेच करतात आणि ती बऱ्याच अंशी खरी पण आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या वाटपयोग्य करातला ४१ टक्के हिस्सा राज्यांना द्यायला सांगितला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण ६.३ टक्के आले, आणि सेस नि सरचार्ज हे तर वाटपात धरतच नाहीत, ते सगळे केंद्राकडेच राहतात. नवी मुंबईतलं दिघा गाव स्टेशन आठवा. स्टेशन कित्येक महिने तयार होऊन पडलं होतं, लोक समोरून जाणाऱ्या लोकलकडे बघत ऐरोलीला नाहीतर ठाण्याला जात होते, आणि ते सुरू झालं १२ जानेवारी २०२४ ला, पंतप्रधान अटल सेतूच्या उद्घाटनाला आले तेव्हा. स्टेशनवर गाडी कधी थांबवायची हे पण तिकडूनच ठरतं, त्यामुळे राज्यांना जास्त अधिकार हवेत असं कोणी म्हटलं की मी हात वर करतो.

पण मग माझा प्रश्न पुढचा आहे. महाराष्ट्र जे दिल्लीकडे मागतो तेच ठाण्याने आणि नवी मुंबईने मंत्रालयाकडे मागितलं तर? तेव्हा हेच सगळे पक्ष, एकही अपवाद न करता सांगतोय, एकदम गप्प होतात. अधिकार खाली द्या, हे वाक्य प्रत्येकाला स्वतःपर्यंतच हवं असतं. माझं म्हणणं असं की आपल्याकडे विकेंद्रीकरण दिल्लीत जेवढं अडलंय त्याच्यापेक्षा जास्त मुंबईत अडलंय, आणि रोजच्या जगण्यात, म्हणजे पाणी, नाला, रस्ता, दवाखाना, घराचे कागद या सगळ्यात, आपल्याला त्याचाच फटका जास्त बसतो.

सरळ तारखाच बघा. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली. ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे नवी मुंबईत साडेपाच वर्षांहून जास्त आणि ठाण्यात पावणेचार वर्षांहून जास्त काळ लोकांनी निवडलेला एकही माणूस महापालिकेत नव्हता. राज्यघटनेत कलम २४३-यू मध्ये स्वच्छ लिहिलंय की मुदत पाच वर्षांचीच आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं होतं. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग तारखांवर तारखा, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच आदेश दिला तेव्हा गाडी हलली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, तो सुटायलाच हवा होता, पण तो सुटेपर्यंत लोकशाही बंद ठेवायची ही सोय कोणाची होती? विधानसभेची निवडणूक एवढी लांबली असती तर राज्यात काय झालं असतं याची कल्पना करा.

या काळात बजेट कसं व्हायचं माहितीये का, आयुक्त म्हणून मांडायचं आणि प्रशासक म्हणून मंजूर करायचं, दोन्ही एकच माणूस. हजारो कोटींचं बजेट, त्यावर एकही प्रश्न विचारणारा नाही. तरीसुद्धा लोक रस्त्यावर उतरले नाहीत, आणि या गोष्टीचा मी खूप विचार केलाय. सोपं उत्तर असं की लोकांना पडलेली नाही. मला ते पटत नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळावा म्हणून, विमानतळाच्या नावासाठी याच भागातली माणसं हजारोंनी उतरलेली आहेत. माझ्या मते लोकांना नगरसेवक नसल्याचं फारसं जाणवलं नाही कारण नगरसेवक असताना पण त्याच्या हातात निर्णय नव्हतेच. जी सत्ता खाली आलीच नव्हती ती काढून घेतल्याचं कळणार कसं.

थोडं कायद्याबद्दल, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. महापालिकेचा कारभार करायचे अधिकार आयुक्ताकडे असतात, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार, बदलतं पण राज्य सरकारच. महापौर अडीच वर्षांचा, सभा चालवायची, झेंडावंदन, पाहुण्यांचं स्वागत. बरं, नगरसेवकांच्या सभेने एखादा ठराव बहुमताने केला तरी महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली सरकार तो निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. केंद्राने विधानसभेचा ठराव असा एका पत्राने बाजूला ठेवला असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

नवी मुंबईकरांनी हे डोळ्यांनी बघितलंय. २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले, ऑक्टोबरमध्ये शंभराहून जास्त नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला, आणि सरकारने तो ठराव रोखला. तेव्हा खूप नागरिक मुंढेंच्या बाजूने उभे होते, मॉर्निंग वॉकला येऊन लोकांशी बोलणारा अधिकारी त्यांनी आधी बघितला नव्हता, आणि त्यांच्या त्या भावनेचा मला आदरच आहे. पण पुढे काय झालं, मार्च २०१७ मध्ये त्याच सरकारने त्यांची बदली केली. आले तेव्हा आपल्याला विचारलं नाही, नगरसेवकांना नको होते तेव्हा राहिले, लोकांना हवे होते तेव्हा गेले. यात मुंढे बरोबर होते की नगरसेवक हा वाद मी बाजूला ठेवतो. दोन्ही वेळा निर्णय शहराच्या बाहेर झाला, मला एवढंच दाखवायचंय. ठाण्यात टी. चंद्रशेखर यांच्या काळातल्या रस्ता रुंदीकरणाच्या आठवणी अजून निघतात, लोक हळहळतात की तसा आयुक्त परत मिळाला नाही. अरे पण मिळाला नाही म्हणजे काय, चांगला कारभार हा नशिबाने यायचा का? आणि तो आला तर टिकवायची, नाही आला तर बदलायची ताकद आपल्याकडे असायला नको का?

आता जमिनीचं. नवी मुंबई हे शहरच वरून ठरवून खाली उतरवलेलं आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, कंपनी कायद्याखालची कंपनी, मालक राज्य सरकार. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. गावांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्याचा शेवट जानेवारी १९८४ च्या आंदोलनात झाला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उतरले, जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि मग साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. शहर उत्तम आखलं गेलं हे खरंय, रुंद रस्ते, मोठी स्टेशनं, मोकळी मैदानं, मी त्यातच राहतो आणि मला ते आवडतं. पण १ जानेवारी १९९२ ला महापालिका आली त्यानंतर तरी चावी लोकांकडे यायला हवी होती. ती आली नाही. महापालिकेची स्वतःची पहिली प्रारूप विकास योजना प्रसिद्ध व्हायला २०२२ साल उजाडलं, तीस वर्षं! आणि त्यात मैदान, शाळा, दवाखाना यांच्यासाठी आरक्षणं टाकायला गेले तर वाद, कारण बरेचसे मोकळे भूखंड सिडकोचे आणि सिडकोचा व्यवसायच भूखंड विकायचा. म्हणजे शहरात राहणाऱ्या लोकांच्या मैदानाबद्दल दोन सरकारी संस्था भांडणार आणि निवाडा करणार नगरविकास खातं. फ्लॅट आपला, मेंटेनन्स आपला, प्रॉपर्टी टॅक्स आपण महापालिकेला भरणार, पण इमारतीखालची जमीन साठ वर्षांच्या लीजवर, घर विकताना सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस, रिडेव्हलपमेंटला सिडकोची एनओसी. आणि गावठाणात गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करायची घोषणा जवळपास प्रत्येक निवडणुकीआधी परत ऐकायची.

दिघ्याच्या बेकायदा इमारतींचं प्रकरण याच मुळातून आलं. २०१५ मध्ये हायकोर्टाने ९९ इमारतींवर कारवाई करायला सांगितलं, हजारो कुटुंबांवर टांगती तलवार. जमीन कुठे एमआयडीसीची, कुठे सिडकोची, पाणी नि दिवाबत्तीचं तिसऱ्याकडे, बांधकाम उभं राहताना प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि बिल्डर पैसे घेऊन मोकळा झाला. माझ्या स्वतःच्या सोसायटीमागच्या नाल्याचंच सांगतो, पावसाळ्याआधी साफ करा म्हणून अर्ज घेऊन गेलो तर एका ऑफिसात म्हणाले जागा आमची नाही, दुसऱ्यात म्हणाले जागा आमची आहे पण सफाई आमची नाही, आणि दोघंही नियमाप्रमाणे बरोबर बोलत होते हे जास्त वाईट. घोडबंदर रोडवर जो रोज अडकतो त्याला वेगळं सांगायला नको, मेट्रोचं काम एमएमआरडीएचं, म्हणजे राज्याच्या महानगर विकास प्राधिकरणाचं, रस्ता नि सर्व्हिस रोडचं वेगळं, पाइपलाइनचं वेगळं, ट्रॅफिक पोलिसांचं वेगळं. मत मागायला मात्र एकच माणूस येतो, नगरसेवक, आणि यातलं जवळपास काहीच त्याच्या हातात नसतं.

पैशाचं तर आणखी वाईट आहे. जकात होती तेव्हा महापालिका स्वतःच्या दारात स्वतः पैसे गोळा करायच्या. जकातनाक्यावर भ्रष्टाचार होता, ट्रकांच्या रांगा होत्या, ती गेली ते चांगलंच झालं. तिच्या जागी ठाण्यात एप्रिल २०१३ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द केला, जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून महापालिकांना राज्याकडून दर महिन्याला भरपाई मिळते, दर वर्षी आठ टक्के वाढीने. शहर कितीही वाढो, बाजार कितीही वाढो, मिळणार ठरलेलं अनुदान. केंद्राने जीएसटीची भरपाई लांबवली तेव्हा राज्याला जसं वाटलं तसं महापालिकेला कायमच वाटत असणार. घर घेताना ठाण्यात आपण सात टक्के स्टॅम्प ड्युटी भरतो, त्यातला एक टक्का स्थानिक संस्थेच्या नावाचा, एक टक्का मेट्रोचा, उरलेले पाच राज्याचे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अहवालात आहे की देशातल्या सगळ्या महापालिकांचं महसुली उत्पन्न मिळून जीडीपीच्या ०.६ टक्क्यांच्या आसपास. एवढ्यात शहरं चालवायची.

आणि कामं मात्र खाली ढकलायला कोणी कमी करत नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल ठाणे महापालिका चालवते, मेडिकल कॉलेजसकट, आणि तिथे पेशंट येतात शहापूर, मुरबाड, पालघरपासून. ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ मृत्यू झाले तेव्हा सगळा राग त्या इमारतीवर निघाला. चुका झाल्या असतील तर जबाबदारी ठरलीच पाहिजे, गेलेली माणसं परत येत नाहीत. पण संपूर्ण जिल्ह्याचा भार एका महापालिकेच्या तिजोरीवर टाकून ठेवलाय, हा प्रश्न चार दिवसांत विरून गेला. काम खाली द्यायचं, पैसा नि निर्णय वर ठेवायचे, याला विकेंद्रीकरण म्हणता येणार नाही.

आता विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा. लोक म्हणतात, नगरसेवकांच्या हातात आणखी सत्ता? वेड लागलंय का? ठाणेकरांना नंदलाल समिती आठवते, ठेकेदार, नगरसेवक आणि अधिकारी यांच्या साखळीची चौकशी नव्वदच्या दशकात झाली होती. एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत कोसळली, ७४ माणसं मेली, अटक झालेल्यांत नगरसेवक होता, उपायुक्त पण होता. हे विसरून विकेंद्रीकरणाचं गोड गाणं गाणं मला मान्य नाही. पण नीट बघा, हे सगळं आताच्या व्यवस्थेत झालं, जिथे आयुक्त सरकारचा आहे आणि शेवटचा शब्द मंत्रालयाचा आहे. वरून लक्ष ठेवल्याने ते थांबलं नाही. आज नगरसेवकाकडे वजन आहे, ओळखी आहेत, टेंडरच्या आसपास फिरता येतं, पण जबाबदारी कागदावर त्याची नाही. ही सगळ्यात घातक अवस्था आहे. ज्याची सही त्याचं नाव, असं झालं तर निदान पुढच्या निवडणुकीत कोणाला धरायचं ते कळेल.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो बाबासाहेबांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत ते म्हणाले होते की खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची नि जातीयतेची गुहा. ज्याने गावात पाणवठ्यावरून हाकलून लावलेलं बघितलंय त्याला 'स्थानिक सत्ता' या शब्दांची भीती वाटणारच, आणि ती भीती रास्त होती, आजही आहे. गावकीची, भावकीची, नाक्यावरच्या दादाची सत्ता ही लोकांची सत्ता नसते. म्हणून मूलभूत हक्क, आरक्षण, कोर्ट, निवडणूक आयोग हे वरच आणि मजबूत राहिले पाहिजेत. स्थानिक सत्ता देताना हे संरक्षण पण सोबत आलं ते ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीत, म्हणूनच मला त्या दुरुस्त्या महत्त्वाच्या वाटतात. अनुसूचित जाती-जमाती, महिला यांच्या जागा घटनेतच ठेवल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून महिलांना निम्म्या जागा आहेत.

त्या दुरुस्त्यांचा इतिहास पण बोलका आहे. राजीव गांधींनी १९८९ मध्ये आणलेली दोन्ही विधेयकं राज्यसभेत पडली, राज्यांना वाटलं दिल्ली आपल्याला डावलून थेट गावा-शहरांशी बोलायला बघतेय. शेवटी नरसिंह रावांच्या काळात डिसेंबर १९९२ मध्ये ती संसदेत मंजूर झाली. शहरांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहिले, नगररचना, पाणी, रस्ते, झोपडपट्टी सुधार, पण कोणते विषय खरोखर द्यायचे ते राज्याच्या मर्जीवर ठेवलं. दार तिथेच बंद झालं. ज्या महाराष्ट्राने १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू करून पंचायत राज्यात देशात नाव काढलं, त्याच महाराष्ट्राने शहरांच्या बाबतीत हात आखडता घेतला. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम काढली आणि योजनेच्या पैशातला ३५ ते ४० टक्के भाग पंचायती-नगरपालिकांना द्यायचं ठरवलं. तिथेही घोळ झाले, पण पैसा आणि निर्णय एकत्र खाली गेले.

स्थानिक अधिकार मिळाले की काय होतं याचं उदाहरण इथेच आहे, मोरबे. नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण स्वतःच्या ताब्यात घेतलं, दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं, आणि त्या एका निर्णयावर शहराचं पाणी उभं आहे. शेजारच्या ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही, थोडं स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, थोडं एमआयडीसीकडून, थोडं मुंबईकडून, थोडं स्वतःच्या योजनेतून, आणि घोडबंदरच्या टॉवरांना टँकर. पण याच उदाहरणाची दुसरी बाजू लपवायची नाही. मोरब्याचे धरणग्रस्त खालापुरातले, त्यांनी अलीकडच्या वर्षांत पण पुनर्वसनासाठी आंदोलनं केली, आणि नवी मुंबईत त्यांना मत नाही. तानसा, मोडकसागर, भातसा यांच्या पाण्यावर मुंबई जगते आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. प्रत्येक शहराला फक्त स्वतःपुरती सत्ता दिली तर ज्याच्याकडे पैसा तो शेजाऱ्याचं पाणी घेऊन जाईल. यासाठीच घटनेत कलम २४३-झेडई मध्ये महानगर नियोजन समिती सांगितलीय, तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले हवेत, म्हणजे ठाणे, नवी मुंबई, खालापूरकडचे लोक एका टेबलावर बसून पाण्याचा, कचऱ्याचा, रस्त्यांचा निर्णय घेतील. राज्याने त्यासाठी १९९९ मध्ये कायदा केला. प्रत्यक्षात महानगराचे निर्णय कोण घेतं? एमएमआरडीए, जिच्या अध्यक्षस्थानी सरकारच असतं.

मग नेमकं काय मागायचं, तर माझी पहिली मागणी महापौराची. अंबरनाथ आणि बदलापूरच्या लोकांनी डिसेंबर २०२५ मध्ये आपला नगराध्यक्ष थेट मतदानाने निवडला. अठरा लाखांच्या ठाण्याला (२०११ च्या जनगणनेत, आता किती झालं असेल देव जाणे) हा हक्क नाही, याचं कोणीतरी समाधानकारक कारण द्यावं. थेट निवडलेला, पाच वर्षांचा, आणि आयुक्ताचे कार्यकारी अधिकार ज्याच्याकडे असतील असा महापौर हवा, नुसता थेट निवडून त्याला पुन्हा फीत कापायला बसवणार असाल तर नको. आणि ही पद्धत सरकार बदललं की बदलता येऊ नये, कारण नगराध्यक्षांच्या बाबतीत २०१६ ला थेट, पुढच्या सरकारने रद्द, २०२२ ला परत थेट, असं सोयीप्रमाणे चाललंय. प्रभागांचंही तेच. नवी मुंबईत २०१५ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, मग राज्यात एकचे तीन झाले, तीनचे चार झाले, आणि यंदा २८ प्रभागांत १११ जण. चार माणसांच्या पॅनेलमध्ये गटाराची तक्रार घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं? एक वॉर्ड एक माणूस, आणि त्या वॉर्डात ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा, जिथे कोणीही उभं राहून हिशोब मागू शकेल. वाशीच्या माणसाला शेजारच्या जिल्ह्यातल्या खेड्यातल्या माणसाएवढा पण हक्क नसावा हे मला खरंच टोचतं.

सिडकोबद्दल मी घाईने बोलणार नाही, नैना, म्हणजे विमानतळाभोवतीचा नियोजित पट्टा, आणि विमानतळाच्या भागात तिचं काम चालू आहे. पण सिडकोने वसवलेले जे नोड, म्हणजे उपनगरं, महापालिकेकडे आलेत तिथले मोकळे भूखंड आणि नियोजनाचे सगळे अधिकार महापालिकेकडे गेले पाहिजेत, आणि गावठाणांचा निर्णय गावकऱ्यांना सोबत घेऊन सभागृहात झाला पाहिजे.

आता दोन्ही शहरांत सभागृह भरलंय. नव्या नगरसेवकांना माझी विनंती आहे, कुठल्याही पक्षाचे असा, की कलम ४५१ रद्द करा, महानगर नियोजन समिती खऱ्या अर्थाने चालू करा आणि शहरातले मोकळे भूखंड महापालिकेच्या नावावर करा, हे तीन ठराव या वर्षी सभेत आणा. पक्षाच्या वरच्या लोकांचा फोन येईल, कारण तुमच्यातल्या बहुतेकांचे पक्षच राज्यात सत्तेत आहेत. तरी आणा, नाव घेऊन मतदान घ्या आणि कोणी कुठे हात वर केला ते छापून प्रत्येक प्रभागात लावा. सरकारने ठराव विखंडित केले तर तो आदेशही त्याच्या शेजारी लावा.